गोरिंग-स्ट्रीटली परिसरातल्या थेम्सकाठच्या पायवाटा: मार्ग, मोसम, अडचणी

खडूवाट

लंडन-रेडिंगकडून रेल्वेने येऊन दिवसभर हिंडायला गोरिंग हे फार सोयीचं गाव आहे, म्हणून त्याच्यासाठी वेगळा धागा काढतो आहे. थेम्सच्या पूर्व काठावर गोरिंग (ऑक्सफर्डशर), पश्चिम काठावर स्ट्रीटली (बर्कशर) आणि मधे पूल. पूर्वेला चिल्टर्न टेकड्या, पश्चिमेला बर्कशर डाउन्स. दोन्ही खडूच्या, आणि नदीने त्यांच्यामधून खिंड कापलेली. इंग्लंडमधल्या दोन राष्ट्रीय पायवाटा इथे एकमेकींना भेटतात: थेम्स पाथ (१९९६ साली खुली झाली) आणि रिजवे (१९७३, सुमारे १३९ किमी). दोन्हींच्या खांबांवर ओकच्या फळाची खूण असते, त्यामुळे गोरिंगच्या पुलापाशी नुसती खूण बघून निघू नका, पाटीवरचं नावही वाचा. इथे चुकलात तर विरुद्ध काठाला लागाल.

आणि विरुद्ध काठाला लागणं महागात पडतं. गोरिंगचा पूल सोडला की वरच्या बाजूला पायी ओलांडता येणारा पुढचा पूल थेट वॉलिंगफर्डला, खालच्या बाजूला थेट व्हिटचर्चला. मधे रेल्वेचे पूल दिसतात, पण त्यांच्यावरून चालायला वाट नाही. पूर्वी नावा होत्या, त्या कधीच्या बंद झाल्या. म्हणून मार्ग ठरवताना आधी पूल कुठे आहेत ते पाहा, मग काठ निवडा आणि सगळ्यात शेवटी अंतर मोजा.

माझ्या मते पहिल्यांदा येणाऱ्याने गोरिंग ते पँगबोर्न करावं. साधारण साडेसहा किमी, निवांत चाललं तर दोन-अडीच तास. पँगबोर्न हे त्याच रेल्वेमार्गावरचं रेडिंगच्या बाजूचं पुढचं स्टेशन, त्यामुळे परत त्याच वाटेने यावं लागत नाही. स्टेशनातून हाय स्ट्रीटने पुलाकडे या, पण पूल ओलांडू नका. गोरिंगच्याच बाजूने काठावर उतरा आणि नदी उजव्या हाताला ठेवून प्रवाहाबरोबर चला. कुरणं संपत आली की ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला गेटहॅम्प्टनचा विटांचा रेल्वेपूल लागतो. त्याच्यापुढे वाट हार्टस्लॉकच्या जंगलात शिरते आणि नदीपासून वर चढते. मधे एक कोरडी घळ आहे, तिच्यात तीव्र उतार आणि लगेच तसाच चढ. या पट्ट्यातली एवढीच दमवणारी जागा. पुढे कच्चा रस्ता आणि शेवटी व्हिटचर्चचा उताराचा डांबरी रस्ता, तिथे गाड्यांकडे लक्ष ठेवा. व्हिटचर्चच्या पुलावर गाड्यांना टोल आहे, पायी जाणाऱ्यांना नाही.

उन्हाळ्यात गेटहॅम्प्टनच्या रेल्वेपुलाखालच्या कमानी बघायला दोन मिनिटं थांबा. पूल नदीला तिरका असल्यामुळे विटांचे थर आडवे न लावता पीळ दिल्यासारखे लावले आहेत. नदीच्या वरच्या बाजूला मोल्सफर्डच्या रेल्वेपुलालाही तसेच आहेत.

मृण्मयी_रेडिंग

आई-बाबा एप्रिलमध्ये येणार आहेत. दोघंही सत्तरीचे, बाबांचा एक गुडघा दुखरा. सपाट, चिखल नसलेली वाट कोणती? हार्टस्लॉकची घळ त्यांना जमणार नाही असं वाटतं.

खडूवाट

नाही जमणार, आणि ती टाळायला तिथे दुसरी वाटही नाही. त्यांच्यासाठी पूल ओलांडून स्ट्रीटलीला जा आणि तिथून थेम्स पाथने प्रवाहाच्या विरुद्ध मोल्सफर्डच्या दिशेने निघा. पूर्ण सपाट, कुरणातली वाट, आणि जेवढं जमेल तेवढं चालून परत फिरता येतं. मोल्सफर्डपर्यंत जाऊन-येऊन सात-आठ किमी होईल, पण तिथवर जायची सक्ती नाही. मोल्सफर्डला वाट नदी सोडून गावातल्या मोठ्या रस्त्याला लागते, तो भाग वयस्कर माणसांबरोबर करू नका.

एप्रिलमध्ये माती वरून वाळलेली दिसली तरी फाटकांपाशी चिखल राहतो. गुरं तिथेच गर्दी करतात आणि खुरांनी जमीन चिंबते. एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल अशा झुलत्या फाटकातून जाताना बाबांना आधी आत जाऊ द्या, फाटक दुसऱ्याने धरायचं. स्पोर्ट्स शूज नकोत, तळव्याला खोल खाचा असलेले आणि घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. भाड्याने किंवा उसने मिळाले तरी चालतील, पण नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. दुखऱ्या गुडघ्याला काठी लागतेच. उंची अशी ठेवा की मूठ धरल्यावर कोपर काटकोनात राहील.

निघण्यापूर्वी स्वच्छतागृह गावातच उरकून घ्या. कुरणात आडोसासुद्धा नाही.

पाणवठा

वरच्या प्रतिसादाला एक महत्त्वाची जोड: एप्रिल असो की फेब्रुवारी, आधी नदीची पातळी बघा. आपल्याकडे पाऊस थांबला की ओढा एक-दोन दिवसांत उतरतो. इथे तसं होत नाही, कारण ही जमीन खडूची आहे. खडू पाणी पिऊन घेतो. पाऊस आधी जमिनीत मुरतो, भूजल हळूहळू चढतं आणि झरे उशिरा वाहायला लागतात, बऱ्याचदा हिवाळ्याच्या शेवटी. शिवाय वरचं खोरं मोठं आहे, तिथलं पाणी इथे पोचायला दिवस लागतात. म्हणून आठवडाभर ऊन पडलं तरी मोल्सफर्डच्या बाजूची कुरणं पाण्याखाली असू शकतात.

सरकारी पूरसूचनेच्या संकेतस्थळावर गोरिंग आणि क्लीव्ह या दोन्ही लॉकच्या (बंधाऱ्यापाशी नावा वर-खाली नेणाऱ्या दारांच्या) वरची आणि खालची पातळी दिसते. आलेखात नेहमीची पातळी कुठून कुठपर्यंत असते तेही दाखवलेलं असतं. आत्ताची पातळी त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला टेकलेली असेल तर काठाची वाट सोडा आणि टेकडीवर जा. सूचनांच्या तीन पायऱ्या आहेत: पुराची शक्यता, पुराचा इशारा आणि जिवाला धोका. पहिली सूचना लागली की कुरणांतल्या वाटा बहुधा आधीच बुडालेल्या असतात, कारण सखल कुरणांत पाणी पसरू देणं हीच पूरनियोजनाची पद्धत आहे.

लॉकपाशी नावाड्यांसाठी पिवळ्या-लाल पाट्या लावतात. पिवळी म्हणजे प्रवाह वाढतो आहे किंवा उतरतो आहे, लाल म्हणजे जोराचा प्रवाह. त्या पायी चालणाऱ्यांसाठी नाहीत, पण लाल पाटी दिसली तर मुलांना काठापासून आत ठेवा. काठ खालून पोखरलेला असतो, वरून गवतामुळे कळत नाही.

पाण्यात बुडालेल्या वाटेवरून 'घोट्याएवढंच तर आहे' म्हणून चालू नका. नदीची कड कुठे संपते ते दिसत नाही.

रानजाई

गव्हाच्या शेतातून सरळ वाट जाते असं नकाशात आहे, प्रत्यक्षात मात्र पीक उभं. मधून जायचं की बांधावरून? शेतकऱ्याचं नुकसान करायची इच्छा नाही.

सातबारा

मधूनच जायचं. थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे येणारे मराठी लोक संकोचाने बांधावरून फिरतात आणि नेमकं तेच बेकायदा ठरतं.

इथली सार्वजनिक पायवाट म्हणजे जमीन खाजगी आणि चालण्याचा हक्क सगळ्यांचा. आपल्याकडे गाव नकाशात पाणंद दाखवलेली असते, तसा इथे प्रत्येक काउंटीकडे हक्काच्या वाटांचा अधिकृत नकाशा असतो. १९४९ च्या कायद्याने तो करायला लावला. हक्क फक्त त्या रेषेवर असतो. बांधावरून गेलात तर तुम्ही हक्काच्या वाटेवरून उतरलात. रेषेवर पीक असेल तर एकामागे एक, रांगेत, पीक कमीत कमी तुडवत, शक्य तेवढ्या अरुंद वाटेने जा. वाट काटेरी तार किंवा पडलेल्या झाडाने खरोखर अडली असेल, तर त्याच शेतकऱ्याच्या जमिनीतून जवळचा वळसा घेता येतो, शेजाऱ्याच्या जमिनीत शिरता येत नाही.

शेतकऱ्याचं कर्तव्यही ठरलेलं आहे. शेताच्या मधून जाणारी वाट त्याला नांगरता येते, पण पहिल्या मशागतीनंतर १४ दिवसांत आणि त्याच पिकासाठी पुढच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती परत चालण्याजोगी करून द्यावी लागते. मधल्या पायवाटेची किमान रुंदी १ मीटर. शेताच्या कडेने जाणारी वाट मात्र अजिबात नांगरता येत नाही, आणि तिची किमान रुंदी दीड मीटर. घोड्यांच्या वाटेला हेच आकडे २ आणि ३ मीटर होतात.

खांबांवरच्या बाणांचे रंग पाठ करा. पिवळा: फक्त पायी. निळा: पायी, घोडा आणि सायकल. जांभळा: त्याशिवाय घोडागाडीही. लाल: सगळी वाहनं. रंग नसलेल्या किंवा 'परवानगीची वाट' अशी पाटी असलेल्या ठिकाणी मालकाने मोकळीक दिलेली असते, ती तो काढूनही घेऊ शकतो.

वाट अडलेली आढळली तर मालकाशी वाद घालू नका. ज्या हद्दीत आहात त्या परिषदेला कळवा: पूर्व काठाला ऑक्सफर्डशर काउंटी परिषद, स्ट्रीटलीच्या बाजूला वेस्ट बर्कशर परिषद. तक्रारीत वाटेचा क्रमांक, ग्रिड क्रमांक, फोटो आणि तारीख द्या. 'गोरिंगजवळ वाट बंद आहे' एवढंच लिहिलंत तर कोणी काही करू शकत नाही.

आनंदयात्री७

सातबारा, फार उपयोगी. ग्रिड क्रमांक कसा काढायचा तेही सांगा ना. फोनवर दिसतो म्हणतात, पण खिंडीत रेंज जाते असं ऐकलं आहे.

सातबारा

रेंज जाते, म्हणून नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदी नकाशाही न्या. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेची १:२५,००० प्रमाणाची एक्सप्लोरर मालिका घ्या. गोरिंग आणि चिल्टर्नची बाजू १७१ क्रमांकाच्या नकाशात येते, पश्चिमेकडचे डाउन्स १७० मध्ये. त्यावर ४ सेंमी म्हणजे १ किमी. हिरवी छोटी तुटक रेघ ही पायवाट, लांब तुटक रेघ ही घोड्यांची वाट. काळी तुटक रेघ म्हणजे जमिनीवर वाट दिसते, एवढंच. तिच्यावरून तुमचा हक्क ठरत नाही. नवखे लोक बहुतेक वेळा इथेच फसतात.

ग्रिड क्रमांकाला आधी आडवं, मग उभं. ज्या चौकोनात आहात त्याच्या डाव्या रेघेचे दोन आकडे घ्या, चौकोनाच्या आत उजवीकडे किती दशांश सरकलात तो तिसरा आकडा. मग खालच्या रेघेचे दोन आकडे आणि वर किती दशांश. हे सहा आकडे झाले, त्यांच्या आधी चौकोनाची दोन अक्षरं, या भागात एस-यू. शंभर मीटरच्या आत जागा सांगता येते. अपघात झाला तर ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर हाच क्रमांक द्या. आवाजी कॉल लागत नसेल तर ९९९ वर मेसेज करता येतो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो: 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला पाठवायचा आणि येईल त्या उत्तराप्रमाणे करायचं. निघायच्या आधी घरीच करून टाका.

श्वानप्रेमी_स्लाव

कुत्रा बरोबर असेल आणि कुरणात गाई असतील तर?

खडूवाट

गाईंबरोबर वासरं असतील तर तो कळप टाळाच, वळसा पडला तरी. गाईंचा रोख माणसापेक्षा कुत्र्यावर जास्त असतो. लांबून जा, कळपाच्या मधून जाऊ नका, पळू नका, पाठ फिरवू नका. एरवी कुत्रा छोट्या पट्ट्याला ठेवा. पण गाय अंगावर धावून आली तर पट्टा सोडून द्या. कुत्रा तिच्यापेक्षा वेगाने पळतो, आणि पट्टा धरून ठेवणारा माणूसच तुडवला जातो. हा नियम लोकांना उलटा वाटतो, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा.

बैलाबद्दल कायदा असा की हक्काची वाट जाते त्या शेतात दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू ठेवता येत नाही. मांसासाठी पाळलेल्या जातींचा वळू मात्र गाई किंवा कालवडी बरोबर असतील तर चालतो. म्हणजे वळू दिसला की तो बेकायदाच असेल असं नाही.

खुल्या चराऊ जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्र्याचा पट्टा २ मीटरपेक्षा लांब नको. पक्षी जमिनीवर घरटी करतात.

फाटक जसं असेल तसं सोडा. उघडं असेल तर उघडंच, बहुधा गुरांना पाण्याकडे जायला मुद्दाम ठेवलेलं असतं. गट मोठा असेल तर शेवटच्या माणसाला ते काम आधीच नेमून द्या.

शेवंती

मोसमाबद्दल लिहिते. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चिल्टर्नच्या बीच वृक्षांच्या जंगलांत ब्लूबेलच्या फुलांचा निळा सडा असतो. वाट सोडून आत पाऊल टाकू नका, पानं तुडवली गेली की कंद पुढच्या वर्षासाठी अन्न साठवू शकत नाही. मेच्या उत्तरार्धात हार्टस्लॉकच्या उघड्या खडूच्या उतारावर मंकी ऑर्किड फुलतं, ते ब्रिटनमध्ये मोजक्याच ठिकाणी उरलं आहे. तिथेच २००६ साली त्याचा आणि लेडी ऑर्किडचा संकर पहिल्यांदा फुललेला दिसला. हा राखीव उतार थेम्स पाथच्या लगत वरच्या अंगाला आहे. फोटोसाठी गुडघे टेकण्याआधी खाली नीट बघा, न फुललेली रोपं गवतात लपलेली असतात.

डोक्यावर घिरट्या घालणारी दुभंगल्या शेपटीची तांबूस घार इथली म्हणावी तर इथून ती पूर्ण नाहीशी झाली होती. १९८९ ते १९९४ दरम्यान स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आज दिसतात त्या घारी त्यांच्याच वंशातल्या. काठावर झुकलेल्या फांदीवर निळा ठिपका चमकला तर तो आपला छोटा खंड्याच, भारतात दिसतो तीच जात.

जुलै ते सप्टेंबर काठावर माणसाच्या उंचीची गुलाबी फुलांची झाडं दाटतात. तो हिमालयातला तेरडा. कासच्या पठारावर आपण ज्याचं कौतुक करतो त्याच कुळातला, पण इथे तो नदीचा शत्रू झाला आहे. १८३९ मध्ये बागेसाठी आणला आणि तिथून सुटला. मुळं उथळ, थंडीत सगळं झाड मरतं आणि काठ उघडा पडून माती वाहून जाते. पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडतं. म्हणून मुलांना ऑगस्टनंतर ती बोंडं फोडू देऊ नका. कपड्यात, बुटाच्या खाचेत अडकलेलं बी पुढच्या नदीवर जातं. बोंडं धरण्याआधी उपटलं तर मुळासकट सहज निघतं, स्थानिक गट जूनमध्ये हेच करतात.

दुसरं एक झाड मात्र ओळखलंच पाहिजे: जायंट हॉगवीड. छत्रीसारखी पांढरी फुलं, तीन मीटरवर उंची, खोडावर जांभळे डाग आणि केस. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात. लागलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो भाग पुढचे दोन दिवस उन्हापासून झाका.

पाणवठा

+१. आणि गोचिडी! मार्च ते ऑक्टोबर उंच गवतात आणि नेच्यांत असतात, लाइम रोग पसरवतात. पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे चढताना दिसते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि लहान मुलांच्या केसांच्या कडेला बघा. बारीक चिमट्याने कातडीला अगदी चिकटून धरायची आणि सरळ वर, सावकाश ओढायची. तेल, रॉकेल, काडीचा चटका यांतलं काही करू नका, त्याने ती जास्त घाण आत सोडते. त्यानंतरच्या महिनाभरात (कधी तीन महिन्यांनीही) गोल पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टरला दाखवा आणि गोचीड चावली होती हे आवर्जून सांगा.

मृण्मयी_रेडिंग

सगळ्यांचे आभार. आई-बाबांना दाखवण्यासारखं भारताशी जोडलेलं काही आसपास आहे का?

पाणवठा

आहे, आणि ते खडूच्या याच गोष्टीशी जोडलेलं आहे. गोरिंगच्या पूर्वेला, सरळ रेषेत साडेआठ किमीवर, चिल्टर्नच्या माथ्यावर स्टोक रो नावाचं गाव आहे. खडू पाणी खाली जाऊ देतो, त्यामुळे माथ्यावरच्या गावांत ना ओढा ना झरा. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड भारतात मोठे सनदी अधिकारी होते. आपल्या गावाकडच्या पाण्याच्या हालांबद्दल ते बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी बोलले होते. महाराजांनी पुढे स्टोक रोला विहिरीसाठी पैसे दिले. १८६४ मध्ये ती खुली झाली. खोली ३६८ फूट, व्यास अवघा चार फूट, सगळी हाताने खणलेली. वर लोखंडी घुमट आणि रहाटावर सोनेरी हत्ती. विहिरीची देखभाल निघावी म्हणून शेजारी चेरीची बाग लावली, तिचं नाव ईश्री बाग.

चालत जायचं तर वाटेने दहा किमीच्या वर, चढासह. आई-बाबांबरोबर गाडीनेच जा. चालणाऱ्यांना ब्लूबेलच्या दिवसांत हा मार्ग सुंदर आहे, पण माथ्यावर खडूच्या वर चिकणमाती आणि गारगोट्या आहेत. पावसानंतर ती बुटाला थरावर थर चिकटते आणि वेग अर्ध्यावर येतो.

आनंदयात्री७

नोव्हेंबरच्या शेवटी चौघं येतो आहोत. लार्डन चेस टेकडी आणि मग पँगबोर्न, एका दिवसात होईल का?

खडूवाट

होईल, पण लवकर निघा. त्या दिवसांत चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हार्टस्लॉकच्या जंगलात त्याच्या अर्धा तास आधीच वाट दिसेनाशी होते. नेस्मिथचा जुना हिशेब लावा: पाच किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. लार्डन चेसचा चढ साधारण १०० मीटर, म्हणजे दहा मिनिटं जास्त. या हिशेबात चिखल, फाटकं, चहा काहीच धरलेलं नाही, म्हणून हिवाळ्यात आलेल्या वेळेची दीडपट करा.

दहाला स्टेशनवर उतरलात तर पूल ओलांडून स्ट्रीटलीच्या चौकातून सरळ चढणीच्या रस्त्याला लागा. उजवीकडे लार्डन चेस, डावीकडे होलीज, दोन्ही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आणि सगळ्यांना खुल्या. खिंडीचा, दोन्ही गावांचा आणि नदीच्या वळणाचा सगळ्यात चांगला देखावा इथूनच दिसतो. उतरताना ओल्या खडूवर पाय घसरतो, वाटेवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर न चालता कडेच्या गवतावरून उतरा. साडेबारापर्यंत परत पुलापाशी यायचं. एक वाजून गेला असेल तर पँगबोर्न सोडा आणि मोल्सफर्डच्या कुरणात जमेल तेवढं जाऊन परत फिरा. दोन्ही बेतांत डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाकडे हवा, फोनचा दिवा थंडीत बॅटरी संपवतो.

चौघं आहात तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह मागा. तीन ते नऊ माणसं एकत्र असली की गर्दीची वेळ सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. परतीचं तिकीट गोरिंगचंच काढा. पँगबोर्न त्याच मार्गावर रेडिंगच्या बाजूला असल्यामुळे तिथून चढलं तरी सहसा चालतं, तरी तिकिटावरची अट एकदा वाचून घ्या. आणि आदल्या रात्री गाड्यांचं वेळापत्रक तपासा, रविवारी रुळांची कामं असली की थांबणाऱ्या गाड्यांऐवजी बस सोडतात.

आनंदयात्री७

धन्यवाद! रविवार सोडून शनिवार ठरवतो. पाणवठा, शुक्रवारी रात्री लॉकची पातळी इथेच टाकेन, बघून सांगाल का?

पाणवठा

टाका. गोरिंग लॉकच्या खालच्या बाजूची टाका, वरच्या बाजूची पातळी बंधाऱ्याची दारं कमी-जास्त उघडून राखलेली असते, तिच्यावरून कुरणांचा अंदाज येत नाही.